गुरुवारवाल्या ताईंना जाहीर थँक्यू

प्रिय ताई,

पत्र तुम्हालाच आहे पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, जळगाव-धुळ्याकडे वृद्धाश्रमात काम करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्याही कामी येईल. नाव टाकू नको असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई, दर गुरुवारी आमच्या आश्रमात आजी-आजोबांचे खेळ घ्यायला येणाऱ्या.

१ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, त्या दिवशी शाली, बिस्किटं, फोटो सगळं होतं. बाकी वर्षभर सकाळी भजन, दुपारी टीव्ही, कधीतरी हाउजी. भजन कुणाला नकोय असं नाही हो, पण रोज तेच म्हटल्यावर माणूस हॉलमध्ये येतो आणि खुर्चीत डुलक्या काढतो. तुम्ही आयुष्यभर अंगणवाडी चालवलेली, मला वाटलं खेळणी-चार्ट घेऊन याल, तर तुम्ही रिकाम्या हाताने आलात आणि एकेकाजवळ बसून नुसतं विचारत राहिलात, गाव कोणतं, शेतात काय लावायचे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी न्यायला कोण यायचं. सगळे खेळ मग त्यातूनच निघाले.

गुलाबाईचा, म्हणजे आपल्याकडच्या पोरींच्या गाण्यांच्या सणाचा, महिना तर मी विसरूच शकत नाही. गाणी झाल्यावर खाऊ ओळखायचा, हे आपल्याकडे पोरींचं काम, पण तुम्ही तो स्टीलचा डबा आजोबांच्याही हातात दिला. भुसावळच्या रेल्वेतून रिटायर झालेले आपले आजोबा, कुणाशी न बोलणारे, त्यांनी डबा कानाशी धरून हळूच हलवला, परत हलवला, आणि म्हणाले, "हाऊ मुरमुराना आवाज नई शे, फुटाणा शेतस!" बरोबर निघालं. दुसऱ्या दिवसापासून डब्यात काय भरायचं ते ठरवायला तेच किचनमध्ये येऊन बसायला लागले, आणि आवाजच येऊ नये म्हणून एकदा डब्यात शिरा भरायला लावला!

पुरुष मंडळींसाठी केळीच्या भावाचा फळा हे तर मला सगळ्यात आवडलेलं. रावेर-यावलकडचे सगळे बागाईतदार, संध्याकाळी ज्याने त्याने उद्याचा भाव फळ्यावर लिहायचा आणि सकाळी पेपर आला की कोण जवळ गेलं ते बघायचं. खर्च खडूचा. पण त्यापायी पेपर वाचणं होतं, चष्मा शोधणं होतं, भांडण होतं, आणि भांडण झालं की माणूस जिवंत वाटतो ताई, खरंच सांगते.

आणि त्या आजी, ज्यांना लेकीचं नाव आठवत नाही. स्मृतिभ्रंशात आत्ताचं आधी जातं आणि हाताला बसलेली जुनी कामं बरीच टिकतात, हे तुम्ही मला समजावलं होतं, पण त्यांच्यासमोर कापसाची बोंडं ठेवली तेव्हा ते डोळ्यांनी दिसलं. बोटं आपोआप चालू, कापूस एकीकडे, सरकी एकीकडे, मधेच मला रागावल्या की काडीकचरा घेऊ नको. त्या कापसाच्या वाती आम्ही खरंच देवळात दिल्या. वेळ घालवायला खोटं काम देऊ नका, म्हाताऱ्या माणसाला ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो, हे तुमचं म्हणणं मी नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते.

बारीकसारीक गोष्टीपण राहिल्यात आमच्यात. खुर्च्या रांगेत नाही तर अर्धगोलात, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला बोलणाऱ्याचं तोंड दिसतं. वेळ सकाळची, जेवणानंतर कुणाला त्रास द्यायचा नाही. रंगात असतानाच थांबवायचं. ज्याला यायचं नाही त्याने दारात बसून बघितलं तरी चालेल (दारात बसणारे दोन महिन्यांत आत येतात). आणि चालवायला दरवेळी आश्रमातलंच कुणीतरी पुढे, आपण मागे. उन्हाळ्यात बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) वेळी लसूण घालायचा की नाही यावरून दोन आज्ज्या अख्खी सकाळ वाद घालत होत्या, मी मधे पडायला निघाले तर तुम्ही डोळ्यांनीच थांबवलंत. शेवटी दोन्ही प्रकारचे झाले आणि मग कुणाचे चांगले यावर अजून वाद.

तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात तेव्हा वाटलं आता सगळं बंद पडेल, पण गुरुवार चालू आहे ताई. तुमचे उपकार फार मोठे आहेत आमच्यावर, माझ्यावर तर जास्तच, मला हे काम नव्याने आवडायला लागलं ते तुमच्यामुळे.

आता येत्या आखाजीला निंबाला झोका बांधायचाय, फॅब्रिकेशनवाल्याला पाठीला टेका आणि पुढे दांडी असलेली सीट करायला सांगितलीय. आज्ज्यांनी गाण्यांची यादी केलीय पण एका गाण्याच्या मधल्या ओळी कुणालाच आठवेनात, त्या तुम्हाला येतात असं त्यांचं म्हणणं आहे. फोन करा, स्पीकरवर टाकते. जमलं तर आदल्या दिवशी याच.

तुमचीच,
आश्रमातली लेक