बीकन शोधायला दुसरा माणूस लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हिवाळ्यातल्या एकट्याच्या हिमभटकंतीवरील लेख वाचला. एकांताचे वर्णन सुरेख उतरले आहे, त्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र शेजारच्या चौकटीत बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याची जागा कळावी म्हणून अंगावर बांधायचे रेडिओयंत्र), फावडे आणि प्रोब (बर्फात टोचायची लांब सळई) यांना ‘एकट्या प्रवाशाचे सुरक्षाकवच’ म्हटले आहे. हे वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे.

बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडत राहतो. तो पकडायला बर्फाच्या वर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दुसरा बीकन असावा लागतो. त्याने जागा हेरायची, अडीच-तीन मीटर लांबीच्या प्रोबने टोचून खोली पाहायची आणि उताराच्या खालच्या अंगाने खणत आत शिरायचे. हे सगळे साधारण पंधरा मिनिटांत उरकावे लागते. तेवढ्यात बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की बहुतेक जण गुदमरून गेलेले असतात. हिमस्खलन थांबताच बर्फ असा घट्ट बसतो की गाडलेल्याला बोटही हलवता येत नाही. स्वतःचे फावडे तो कसे वापरणार? उपग्रहाद्वारे संदेश पाठवणाऱ्या यंत्राचे एसओएस बटणही त्याला दाबता येत नाही. एकट्याने बीकन लावूच नये असे माझे म्हणणे नाही. जवळपास दुसरा गट असला तर तो कामी येतो, आणि तसा नसला तरी शोधपथकाला धोक्याच्या उतारावर तासन्‌तास घालवावे लागत नाहीत. पण याला कवच म्हणू नका.

एकट्याचा बचाव असतो तो उताराच्या निवडीत, आणि त्यावर लेखात एक वाक्यही नाही. हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. तेव्हा वाट ३० अंशांखालची हवी आणि तिच्या डोक्यावरही त्याहून तीव्र उतार नको, कारण खालच्या सपाटीवर पडलेल्या पावलानेही वरचा थर तुटू शकतो. उंचीत दर २० मीटरला एक समोच्च रेषा असलेल्या १:२५,००० नकाशावर दोन रेषांमध्ये सुमारे १.४ मिलिमीटर जागा राहिली की उतार ३० अंशांचा झाला. छोटे चढ नकाशात लपतात, म्हणून जागेवर कोनमापकाने पुन्हा मोजावे लागते. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून तडा धावत गेला, तर त्याच वाटेने मागे फिरायचे.

आता तुमचा फोटो पाहा. धारेवर बर्फाचा छज्जा लोंबतो आहे, म्हणजे वारा पलीकडून येऊन बर्फ अलीकडच्या उतारावर साठवतो आहे. आणि फोटोतला एकटा माणूस नेमका त्या छज्ज्याखालून आडवा चालला आहे! असा फोटो अर्धे पान भरून छापावा, याचे वाईट वाटले.

लेखात जपानी साहसवीर नाओमी उएमुरा यांचा दाखला आहे. १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या ४३व्या वाढदिवशी, त्यांनी भर हिवाळ्यात एकट्याने अलास्कातले देनाली शिखर सर केले, इथवर बरोबर. पुढचे का गाळले? दुसऱ्या दिवशी रेडिओवर बोलणे झाले, त्यानंतर ते बेपत्ता झाले. बर्फाच्या गुहेत त्यांची डायरी सापडली, देह आजवर सापडलेला नाही. हेच उएमुरा १९७८ मध्ये कुत्र्यांच्या घसरगाडीने एकट्याने उत्तर ध्रुवावर पोहोचले होते. देनालीवर ते अंगाला लांब बांबू बांधून चालत, म्हणजे हिमभेगेत पाय गेलाच तर बांबू दोन्ही काठांवर अडकावेत. दोर धरायला कोणी नाही, म्हणून त्याच्या जागी काय, याचे उत्तर त्यांनी निघण्याआधी शोधले होते. एवढी तयारी असलेला माणूसही परतला नाही, हे वाचकाला कळायलाच हवे.

‘स्वतःवर विजय’ हा लेखाचा निष्कर्ष मला पटत नाही. एकटे जाण्यात खरे काही असेल, तर ते हे की प्रत्येक निर्णय आपलाच असतो आणि चुकला तर सावरायला कोणी नसते. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली जाऊ लागले की हात बधिर होतात, जीभ अडखळते आणि विचारशक्ती मंदावते. सोबती असेल तर त्याच्या ते लक्षात येते. एकट्याने दर थोड्या वेळाने अंगठा त्याच हाताच्या करंगळीला टेकवून पाहावा. टेकत नसेल तर तिथेच थांबून कपडे चढवावेत, खावे. परत फिरण्याची वेळ घरीच कागदावर लिहावी आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर बचावपथकाला कळवायचे, तेही त्याच कागदावर लिहून तो घरच्यांकडे ठेवावा. पाय मुरगळला तरी उणे १५ अंशांत रात्र काढता येईल एवढी जाड चटई, बिव्ही सॅक (उघड्यावर अंगावर ओढून झोपायची पिशवी) आणि पिसांचे जाकीट दिवसभराच्या फेरीलाही पाठीवर हवे.

जाता जाता आणखी एक. त्याच चौकटीत ‘गॅसचा छोटा डबा पुरे’ असे लिहिले आहे. अशा डब्यात सहसा ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली आणि आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास वायुरूप होणे थांबते. मिश्रणातला प्रोपेन आधी जळून जातो आणि अर्धा भरलेला डबा असूनही शेगडी विझते. मग बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे पाणीही नाही. अशा थंडीत द्रवइंधनाची शेगडी न्यावी, किंवा डबा उलटा धरून चालणारी. तीही तंबूचे दार बंद करून पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हिवाळा तोंडावर आहे. पुढच्या रविवारी ही चौकट दुरुस्त करून, त्याच आकारात आणि त्याच पानावर छापावी, ही विनंती.

– एक वाचक