वारकऱ्यांची बाजू घेऊन

नाशिक,
१९ जानेवारी

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला माउंटन पिग्मी पॉसमचा फोटो घरात सगळ्यांनी पाहिला. जेमतेम ४५ ग्रॅमचा जीव, आणि पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवतो! आधी नुसत्या जीवाश्मांवरूनच ठाऊक असलेला हा प्राणी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या माउंट हॉथमवर जिवंत सापडला, हे वाचून अंगावर काटा आला. पण आमच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याबद्दलचं 'तिथे काय, नुसते वारकरी (कूट पाणपक्षी)' हे तुझं वाक्य मला अजिबात पटलं नाही.

परवाच तिथल्या जलाशयाच्या काठावर, चापडगावच्या बाजूला बसलो होतो. वारकरी अगदी जवळ आले होते. काळंकुट्ट अंग, लाल डोळा, कपाळावर पांढराशुभ्र पट्टा, बोटांना झालरीसारखे पडदे. एकाने बुडी मारून पाणवनस्पतींचा झुबका वर आणला, तोच शेजारी टपलेल्या गडवाल बदकाने त्यातला अर्धा ओढला. गडवालला तितकं खोल बुडता येत नाही. वारकरी वर काढतो त्यावर त्याचंही भागतं.

वारकरी पाला खातो, किडे खातो, गोगलगायी खातो. युरोपपासून थेट तुझ्या ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचं निभतं. पॉसमचं तसं नाही. त्याला व्हिक्टोरिया-न्यू साउथ वेल्सच्या उंच डोंगरांवरचे खडकांचे ढीगच लागतात, हिवाळाभर झोपायला वर बर्फाचा जाड थर लागतो आणि जागं झाल्यावर खायला बोगाँग पतंग. हे पतंग शेकडो किलोमीटर उडत त्या डोंगरांवर यायचे, तेही अब्जावधी. वारकऱ्यांइतकेच नेहमीचे, म्हणून त्यांची फिकीर कोण करणार? २०१७ नंतर दुष्काळात ते एकाएकी घटले आणि कित्येक पॉसम माद्यांची पिल्लं पिशवीतच दगावली. २०२१ मध्ये हा पतंगच संकटग्रस्तांच्या यादीत गेला.

समीर, मला याचीच धास्ती वाटते. नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून दुर्मीळ पाहुण्यांसाठी कॅमेरे घेऊन गर्दी होते. वारकऱ्यांकडे कुणी वळूनही बघत नाही. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत त्यांचे थवे मोजायचं काम मी मागून घेतो. कंटाळवाणं आहे, पण कुणीतरी नीट करायलाच हवं.

नोव्हेंबरात डोंगरावर जाशील तेव्हा पतंग किती दिसले ते आधी कळव, पॉसमचं नंतर. आणि फेब्रुवारीत येणार असशील तर दुर्बीण आण. पहाटे निफाडपर्यंत गाडी मी काढतो.

तुझा,
विनायक