गिअरबॉक्सचे मॉड्यूल बदलण्यापूर्वी तपासणीचे आकडे लेखी मिळावेत

महोदय,

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी एकाच गिअरमध्ये अडकली किंवा गिअर बदलताना हिसके देऊ लागली, की गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो आणि पुष्कळदा काही मिनिटांतच ‘ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल गेले आहे, बदलावे लागेल’ असा निकाल ऐकायला मिळतो. मी वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचे काम करतो. हा निकाल प्रत्येक वेळी चुकीचा असतो असे माझे म्हणणे नाही. तो ज्या आधारावर दिला जातो तो आधार अपुरा असतो, एवढाच माझा आक्षेप आहे. मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्स चालवणारा छोटा संगणक, हा महाग भाग आहे, गाडीशी जुळवून प्रोग्रॅम केल्यावर तो सहसा परत घेतला जात नाही आणि दोष दुसरीकडे असेल तर नवे मॉड्यूल बसवूनही गाडी पूर्वीसारखीच वागते. म्हणून ते बदलण्याआधी कोणत्या तपासण्या केल्या आणि त्यांत कोणते आकडे आले, हे वाहनमालकाला लेखी मिळाले पाहिजे.

गिअरबॉक्सच्या इनपुट व आउटपुट शाफ्टचा वेग, ऑइलचे तापमान, गिअरचा दांडा कोणत्या जागी आहे, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ब्रेकवर पाय आहे की नाही, ही सर्व माहिती घेऊन हे मॉड्यूल सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, प्रवाह देते. सोलेनॉइड ऑइलचा दाब वळवतात आणि त्या दाबाने आतले क्लच पकडतात किंवा सुटतात. यांपैकी एखाद्या माहितीवर भरवसा ठेवता येत नाही असे दिसले, की अनेक गाड्यांत मॉड्यूल सोलेनॉइडचा प्रवाह तोडते आणि गिअरबॉक्स दुसऱ्या किंवा तिसऱ्या अशा एकाच ठरलेल्या गिअरवर राहतो. याला लिंप मोड म्हणतात. चालक घाबरतो ते साहजिकच आहे, परंतु ही तजवीज गिअरबॉक्स वाचवण्यासाठी केलेली असते आणि ती अमलात आली म्हणजे मॉड्यूल शुद्धीवर आहे, असेही कित्येकदा म्हणता येते.

स्कॅनरवर येणाऱ्या कोडबाबत सर्वांत अधिक गैरसमज आहे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ या, गाडीनेच स्वतःचे दोष कोडने नोंदवण्याच्या, पद्धतीत ‘पी०७००’ हा कोड फक्त वर्दी देतो: गिअरबॉक्सच्या नियंत्रणात काहीतरी नोंदले गेले आहे, तिकडे जाऊन पाहा. खरा कोड मॉड्यूलच्या स्वतःच्या स्मृतीत असतो आणि साधे स्वस्त स्कॅनर तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. ‘पी०७१५’ इनपुट शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचे सर्किट दाखवतो. सर्किटमध्ये सेन्सर, तारा, कनेक्टर आणि शेवटी मॉड्यूल असे सगळेच आले. ‘यू०१०१’ म्हणजे मॉड्यूलशी संपर्क तुटला. तो मॉड्यूल जळाल्याने तुटतो तसाच उडालेल्या फ्यूजने, सैल झालेल्या अर्थच्या (गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या) तारेने किंवा गंजलेल्या पिनेनेही तुटतो. ‘पी०६०१’ किंवा ‘पी०६१३’ यांसारखे स्मृतीचे व प्रोसेसरचे कोड मात्र मॉड्यूलच्या अंतर्गत दोषाकडे बोट दाखवतात, आणि तेही पुरवठ्याचा व्होल्टेज ठीक असल्याची खात्री केल्यावरच मान्य करावेत.

ही खात्री करण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. पूर्ण चार्ज झालेली व काही तास स्वस्थ ठेवलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि स्टार्टर फिरत असताना हा आकडा ९.६च्या खाली घसरू नये असे साधारणपणे मानले जाते. थकलेल्या बॅटरीमुळे मॉड्यूल क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होते आणि भलतेच कोड साठवते, हा अनुभव आमच्या व्यवसायात कोणालाही नवा नाही. त्यानंतर मॉड्यूलच्या कनेक्टरवर पुरवठा आणि अर्थ तपासावेत, मात्र सर्किटवर भार असताना. कारण एकच धागा शिल्लक राहिलेली तार भार नसताना मल्टिमीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि प्रवाह मागताच कोसळते. अर्थच्या तारेवरील व्होल्टेजची घट व्होल्टच्या एक-दोन दशांशांपेक्षा अधिक असेल तर आधी ती तार दुरुस्त करावी.

संपर्काचा दोष असेल तर कॅन जाळ्याच्या, म्हणजे गाडीतील मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात त्या, दोन तारांमधील रोध मोजावा. बॉशने १९८६ साली मांडलेल्या या पद्धतीत वेगवान जाळ्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून मोजल्यावर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे आणि शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग कनेक्टर उघडून डोळ्यांनी पाहावे. काही गाड्यांत गिअरबॉक्समधील ऑइल तारांच्या आतून, इन्सुलेशनखालून चढत थेट मॉड्यूलच्या पिनांपर्यंत येते, आणि ते कोणत्याही स्कॅनरवर दिसत नाही.

सोलेनॉइडच्या वेटोळ्याचा रोध मोजणे तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वेटोळे आतून शॉर्ट झाले असेल तर ते मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह ओढते आणि त्यापायी मॉड्यूलमधील त्या सोलेनॉइडला प्रवाह देणारा भाग जळू शकतो. अशा वेळी ‘मॉड्यूल गेले’ हा निकाल खरा असतो, तरीही अपुरा असतो, कारण त्याच सोलेनॉइडवर जोडलेले नवे मॉड्यूलही त्याच वाटेने जाते. दुसरे मॉड्यूलही जळाले की ‘मालच खराब आला’ असे सांगितले जाते, हे आमच्या व्यवसायाला शोभणारे नाही.

मॉड्यूल खरोखर खराब होतच नाहीत, असे मात्र नाही. उष्णतेचे चढउतार आणि कंपने यांमुळे त्यांतील सोल्डरच्या जोडांना तडे जातात, आणि काही रचनांत मॉड्यूल गिअरबॉक्सच्या आत, गरम ऑइलच्या सान्निध्यात, व्हॉल्व्ह बॉडीसह (ऑइलचा दाब वळवणाऱ्या झडपांच्या भागासह) एकत्र बसवलेले असते. फोर्डने २०१४ साली अमेरिकेत काही फिएस्टा व फोकस गाड्यांच्या याच मॉड्यूलची हमी १० वर्षे किंवा १,५०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. आपल्या गाडीसाठी अशी वाढीव हमी किंवा सुधारित सॉफ्टवेअर आहे का, हे गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक, देऊन अधिकृत केंद्रात विचारावे. कित्येकदा सुट्या भागाला हात न लावता नवे सॉफ्टवेअर भरून काम होते.

बदलायचेच ठरले, तर चार बोल्ट काढून काम संपत नाही. अनेक गाड्यांची नवी मॉड्यूल कोरी येतात. त्यांत त्या गाडीचे सॉफ्टवेअर भरून व्हीआयएन नोंदवावा लागतो आणि काही गाड्यांत इमोबिलायझर या चोरीविरोधी यंत्रणेशीही जुळवणी करावी लागते. सॉफ्टवेअर भरताना व्होल्टेज घसरले तर नवे मॉड्यूल तिथल्या तिथे निकामी होऊ शकते, म्हणून स्थिर पुरवठा देणारे उपकरण बॅटरीला जोडलेले असलेच पाहिजे. पुढे क्लचमध्ये ऑइल भरण्याचा वेळ व दाब यांची मॉड्यूलने साठवलेली जुनी मूल्ये पुसून ती त्याला नव्याने शिकवावी लागतात. तोपर्यंत गिअर थोडे जडपणे पडणे स्वाभाविक आहे, आणि हे आधी न सांगितल्यास मालक घाबरून गाडी परत आणतो. गिअरबॉक्स उघडावा लागला असेल तर ऑइलची पातळी उत्पादकाने सांगितलेल्या तापमानालाच पाहावी. भंगारातील गाडीचे मॉड्यूल नुसता भाग क्रमांक जुळला म्हणून घेऊ नये, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा अंतिम गिअर गुणोत्तर वेगळे असू शकते आणि काही उत्पादकांची मॉड्यूल पहिल्या गाडीशी कायमची बांधलेली असतात. जुने मॉड्यूल तज्ज्ञाकडून दुरुस्त करून घेतल्यास त्यातील नोंदी सहसा टिकतात. हा पर्याय मालकाला क्वचितच सांगितला जातो.

स्वतंत्र गॅरेजची एक अडचणही मान्य केली पाहिजे. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२५३४ या मानकामुळे एकाच उपकरणातून अनेक कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये सॉफ्टवेअर भरता येते. पण सॉफ्टवेअर आणि जुळवणीचे अधिकार उत्पादकांकडे असतात आणि ते मोकळेपणाने दिले जात नाहीत. वायरिंगचे आराखडे व सॉफ्टवेअर वाजवी शुल्कात सर्वांना मिळू लागल्यास अंदाजाने भाग बदलण्याचे कारण कमी होईल. तोवर किमान बिलासोबत एक कागद मिळावा: मॉड्यूलमधील मूळ कोड, बॅटरीचे व्होल्टेज, अर्थवरील घट, प्रत्येक सोलेनॉइडचा रोध, कॅनचा रोध आणि भरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती. काढलेले मॉड्यूल मालकाच्या हाती परत द्यावे. ते जमा करण्याच्या अटीवर नवे स्वस्तात मिळत असेल, तर ती अट काम सुरू करण्यापूर्वी लिहून द्यावी.

आपला,
वाहन-विद्युत दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक