व्हॅटिकनची संग्रहालयं दीड तासात उरकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की वर्तमानपत्रांत उन्हाळी युरोप सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. रोमच्या दिवशी त्यांत बहुधा एकच ओळ असते : 'व्हॅटिकन सिटीला भेट'. या ओळीत नेमकं काय काय येतं, हे पैसे भरण्याआधी विचारणारे फार थोडे. पुष्कळदा तिचा अर्थ सेंट पीटर्सचं पटांगण आणि जमलं तर चर्च, एवढाच असतो. सिस्टीन चॅपल पाहायला मिळणार म्हणून घरून निघालेली माणसं रोमला पोचल्यावर विचारतात, "मायकेलअँजेलोचं छत कुठे आहे?" सिस्टीन चॅपलचं ते चित्रांनी भरलेलं छत व्हॅटिकन संग्रहालयांच्या आत आहे. त्याचं तिकीट वेगळं, दार वेगळं आणि त्याला लागणारा वेळही वेगळा. पुढच्या हंगामात जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी दारांचं. सेंट पीटर्स बॅसिलिकाचं, म्हणजे त्या चर्चचं, दार पूर्वेकडे, पटांगणात आहे. संग्रहालयांचं दार उत्तरेच्या तटबंदीत, व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे. एका दारापासून दुसऱ्यापर्यंत तटाच्या कडेकडेने चालत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि उन्हाळ्यात या वाटेवर सावली कमी. मेट्रोने येणाऱ्यांनी ए लाइनवर ओत्ताव्हियानो किंवा चिप्रो स्टेशनला उतरावं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'व्हॅटिकन' सांगितलं तर तो पटांगणापाशी सोडण्याची शक्यता मोठी, म्हणून 'मुझेई व्हातिकानी' असं स्पष्ट सांगावं. वेळेचं तिकीट हातात असताना चुकीच्या दाराशी उभं राहणं, ही इथली सर्वांत नेहमीची फजिती.

तिकिटाचं गणित व्हिसाशी जोडलेलं आहे, ते नीट समजून घ्यायला हवं. संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळावर साधारण साठ दिवस आधी तिकिटं खुली होतात आणि सुटीच्या मोसमात सोयीच्या वेळा झपाट्याने संपतात. एकदा काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे व्हिसा हातात नसताना तिकीट काढायचं की व्हिसाची वाट पाहत वेळा हातच्या घालवायच्या, असा पेच पडतो. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो तीन-साडेतीन महिने आधी करून टाकला की तिकिटं खुली होतील तेव्हा पासपोर्ट बहुधा घरी आलेला असतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे सगळ्यांनाच व्हिसा हवा असतो, म्हणून हे आधीच उरकलेलं बरं.

सध्या पूर्ण तिकीट २० युरो आहे आणि आगाऊ नोंदणीचे वर ५. मुलांना आणि विद्यार्थ्यांना सवलत मिळते, सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता 'डॉट व्हीए'ने संपतो. शोधयंत्रावर त्याच्या वरती दिसणारी, नावाने अगदी अधिकृत वाटणारी बरीच संकेतस्थळं दलालांची असतात. तिथे तेच तिकीट दुप्पट दराने मिळतं, आणि कधी कधी त्याला एक गाइड जोडलेला असतो, जो आपल्याला नको असतो. ओत्ताव्हियानो स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून "रांग टाळा" म्हणत पाठीमागे लागणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये. संग्रहालयाची तिकीटविक्री रस्त्यावर होत नाही. तिकिटाची कागदी प्रतही जवळ ठेवा. मोबाइलचं नेटवर्क नेमकं दारातच रुसतं.

आता दिवस. संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद : त्या दिवशी सकाळी नऊ ते दोन प्रवेश मोफत असतो, आणि फुकट म्हणून अख्खं रोम तिथे लोटतं. लांबून येणाऱ्याने त्या दिवसाच्या वाटेला जाऊ नये. सोमवारी रोममधली इतर बरीच संग्रहालयं बंद असल्याने सगळी गर्दी इकडे वळते. शनिवारही तसाच. मंगळवार आणि गुरुवार त्यातल्या त्यात बरे. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले तर त्यांचं सार्वजनिक दर्शन असतं आणि दुपारपर्यंत बॅसिलिका बंद राहते, तेव्हा दोन्ही पाहायचं असेल तर बुधवार टाळा. सुट्या तर नीट पाहून घ्याव्यातच. १ मे आणि १५ ऑगस्ट हे दोन्ही दिवस आपल्या मनात सुटीचे, आणि व्हॅटिकन संग्रहालयांचेही. १ मे कामगार दिन म्हणून, १५ ऑगस्ट मरियमच्या स्वर्गारोहणाचा सण म्हणून. त्याखेरीज २९ जून, १ नोव्हेंबर, ८, २५ आणि २६ डिसेंबरलाही दारं बंद असतात.

वेळ कोणती निवडावी? सगळे सांगतात सकाळी आठची. आमचं मत वेगळं आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळात मोठमोठे गट एकामागून एक आत शिरतात आणि सगळ्यांना आधी सिस्टीनच गाठायचं असतं. सोमवार ते शनिवार संग्रहालयं रात्री आठपर्यंत उघडी असतात, शेवटचा प्रवेश सहाला, आणि बंद होण्याच्या अर्धा तास आधी दालनं रिकामी करायला लागतात. दुपारी तीन-साडेतीनचं तिकीट काढलं तर चार तास मिळतात आणि पाचनंतर गर्दी जाणवण्याइतकी ओसरते. बॅसिलिका सकाळी सातला उघडते आणि तिला तिकीट नाही. ती सकाळी लवकर पाहावी, दुपारी हॉटेलवर पाठ टेकावी आणि मग संग्रहालयांकडे यावं. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर दोन्ही एका दिवसात कोंबूच नये.

आत शिरताना विमानतळासारखी तपासणी होते. ४० × ३५ × १५ सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी, तिवई, लांब छत्री सामानघरात ठेवावी लागते. सामानघर मोफत आहे, पण परत येताना तिथे यावंच लागतं. दालनांमध्ये खाणंपिणं चालत नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम पुरुषांनाही लागू आहे. हाफ पँटमधल्या मुलांना दारातून परत फिरावं लागतं. बिनबाह्यांच्या ब्लाउजवर पदर नीट घेतला किंवा ओढणी जवळ ठेवली की काम भागतं. जिने आणि चाल पुष्कळ आहे, बसायच्या जागा कमी. गुडघेदुखी असणाऱ्यांना चाकांची खुर्ची मिळू शकते, त्यासाठी ओळखपत्र जवळ हवं. ती मागण्यात संकोच करू नये.

आत काय पाहायचं, हा खरा प्रश्न. सगळं पाहणं एका दिवसात कुणालाच शक्य नाही, तेव्हा सोडून द्यायला शिकावं लागतं. इजिप्त, एट्रुस्कन (रोमनांच्या आधीचे इटलीतले लोक) आणि आधुनिक धार्मिक कला हे विभाग पहिल्या भेटीत खुशाल वगळा. चित्रसंग्रह, म्हणजे पिनाकोतेका, मात्र वगळू नका. गर्दी पाट्या बघत सिस्टीनकडे धावते, पिनाकोतेकाची वाट निराळी आहे आणि तिथे श्वास घ्यायला जागा असते. राफाएलचं अखेरचं 'ट्रान्सफिगरेशन', लिओनार्दोचा अपुरा राहिलेला सेंट जेरोम आणि कारावाज्जोचं ख्रिस्ताच्या दफनाचं चित्र, अशी तीन चित्रं इथे आहेत, ज्यांच्यासाठी एरवी माणूस देश ओलांडून जाईल. इथूनच सुरुवात करा, कारण सिस्टीन झाल्यावर पाय परत इकडे वळत नाहीत.

तिथून पाइन वृक्षाच्या भल्यामोठ्या कांस्य फळाच्या अंगणात या. इथे सिस्टीनच्या चित्रांचे फलक लावलेले असतात आणि गाइड त्यांच्यापुढे उभे राहून बोलत असतात, कारण चॅपलमध्ये बोलायला मनाई आहे. तुम्हीही इथेच वाचून घ्या. छताच्या मध्यभागी नऊ चित्रं आहेत, त्यांचा क्रम ध्यानात ठेवा : वेदीकडून प्रकाश आणि अंधार वेगळे करण्यापासून सुरुवात आणि दुसऱ्या टोकाला महापुरातून तरलेल्या नोहाची कथा.

पुढे अष्टकोनी चौकात लाओकूनचा, म्हणजे सापांनी विळखा घातलेल्या ट्रॉयच्या पुजाऱ्याचा आणि त्याच्या मुलांचा, शिल्पसमूह आहे. १४ जानेवारी १५०६ रोजी तो रोममध्ये एका द्राक्षमळ्यात सापडला, पोप ज्युलियस दुसरा याने तो विकत घेतला आणि संग्रहालयांचा इतिहास तिथूनच मोजतात. लाओकूनचा उजवा हात निरखून पाहा. सापडला तेव्हा तो तुटलेला होता, आणि कित्येक शतकं तिथे वर ताणलेला नवा हात बसवलेला होता. १९०६ मध्ये लुडविग पोलाक या जाणकाराला रोममध्येच एक जुना, मागे वाकलेला संगमरवरी हात दिसला. तो मूळचा निघाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यात शिल्पाला जोडला गेला. वर ताणलेल्या हातात झुंजणारा वीर दिसत असे, वाकलेल्या हातात वेदना दिसते. पुढच्या दालनात हातपाय-डोकं नसलेलं, नुसत्या धडाचं शिल्प आहे, 'बेल्वेडेरे टोर्सो'. बहुतेक जण त्याच्या बाजूने निघून जातात. मायकेलअँजेलोला ते फार प्रिय होतं. त्याच्या पाठीचा पीळ डोळ्यांत साठवा, म्हणजे तासाभराने छतावरच्या तरुणांच्या अंगात तोच पीळ तुमचा तुम्हाला सापडेल.

मग लांबच लांब मार्गिका येतात. इथेच गर्दी दाटते, उकडतं आणि मागे फिरणं अवघड होतं, म्हणून स्वच्छतागृह आधीच उरकावं. नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे. सोनेरी छताचे फोटो काढत लोक पुढे सरकतात आणि भिंतींवरचे ४० नकाशे राहून जातात. ते १५८० ते १५८३ च्या सुमारास इग्नाझिओ दांती याच्या देखरेखीखाली पोप ग्रेगरी तेरावा याच्यासाठी रंगवले गेले. आपण जे इंग्रजी महिन्यांचं कॅलेंडर वापरतो ते १५८२ मध्ये याच पोपने लागू केलं. नकाशे इटलीचे आहेत; मधोमध चालणारा माणूस जणू इटलीच्या मधून गेलेल्या आपेनाइन पर्वताच्या कण्यावरून चालतो आहे, एका हाताला एड्रियाटिक समुद्राकडचा इटली आणि दुसऱ्या हाताला पश्चिमेकडचा, अशी मांडणी आहे.

या दालनानंतर पाट्या सावकाश वाचा. सिस्टीनकडे नेणारी जवळची वाट राफाएलची दालनं वगळून जाते. गर्दीच्या लोंढ्याबरोबर त्या वाटेने गेलात तर 'स्कूल ऑफ अथेन्स' हुकलंच म्हणून समजा. हे भित्तिचित्र १५०९ ते १५११ मधलं आहे. पायऱ्यांवर हाताने डोकं टेकून एकटा बसलेला, पायात बूट घातलेला माणूस त्यात पाहा. तो राफाएलच्या मूळ आराखड्यात नव्हता, मागाहून घातला. त्याच्यात बरेच अभ्यासक मायकेलअँजेलो पाहतात, जो त्याच काळात थोड्याच अंतरावर छत रंगवत होता.

सिस्टीनमध्ये आपण वेदीच्या बाजूच्या छोट्या दारातून शिरतो, म्हणजे वेदीमागचं मायकेलअँजेलोचं 'लास्ट जजमेंट' हे भित्तिचित्र आपल्या पाठीशी असतं. आत पाऊल पडताच सगळे माना वर करून तिथेच थबकतात आणि दाराशी कोंडी होते. थांबू नका, सरळ पलीकडच्या टोकाला जा आणि मग वळा. चॅपल सुमारे ४१ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि २१ मीटर उंच आहे. छोटी दुर्बीण जवळ असेल तर तिचं इथे चीज होतं. भिंतीलगतच्या बाकावर जागा रिकामी होण्याची वाट पाहा आणि किमान वीस मिनिटं बसा. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात छत रंगवताना नोहाच्या बाजूने सुरुवात केली. अर्धं काम झाल्यावर परांची उतरवली, तेव्हा खालून त्याला कळलं की आकृत्या बारीक आणि फार दाटीने आल्या आहेत. पुढच्या चित्रांत त्याने माणसं कमी केली आणि आकार वाढवले. महापुराच्या चित्रातली दाटी आणि 'आदमच्या निर्मिती'तला मोकळेपणा एकाच बैठकीत ताडून पाहता येतो. फोटोला सक्त मनाई आहे, मोबाइल खिशातच राहू द्या. बाजूच्या भिंतींवर बोत्तिचेल्ली आणि पेरुजिनोची १४८१-८२ मधली चित्रं आहेत, त्यांच्याकडे मान खाली आणूनही पाहता येतं.

बाहेर पडायला दोन दारं आहेत. त्यातलं एक थेट बॅसिलिकाकडे जातं, पण ते अधिकृतपणे गाइडसह आलेल्या गटांसाठी असतं आणि केव्हाही बंद होतं. त्याच्या भरवशावर दिवस आखू नये. तिथून बाहेर पडलं की संग्रहालयांत परत येता येत नाही, आणि पिशवी सामानघरात असेल तर तटाला वळसा घालून पुन्हा पहिल्या दाराशी यावं लागतं.

सहल कंपन्यांना आमची विनंती आहे की, कार्यक्रमपत्रिकेत 'व्हॅटिकन' असं मोघम न लिहिता बॅसिलिका आणि संग्रहालयं वेगवेगळी लिहावीत, संग्रहालयाचं तिकीट दरात धरलंय की नाही ते सांगावं आणि आत किती तास मिळतील तेही छापावं. आम्ही किमान साडेतीन तास म्हणू. पर्यटकांनीही पैसे भरण्याआधी या गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, आणि तिकिटं मिळाली नाहीत तर ती रक्कम परत मिळेल का, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.

आपले,
कला-इतिहासाचे काही शिक्षक व सहल मार्गदर्शक, पुणे