इगुन आळीतून

लागोस, रविवार

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे.

गेल्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, तिकडे तांब्यापितळेचं काम करणारं कुणी आहे का. तेव्हा ‘बघते’ एवढंच म्हणाले होते. आता बघून आले, आणि ते फोनवर सांगून भागणार नाही.

इथून तीनशेहून जास्त किलोमीटरवर बेनिन सिटी आहे. शेजारी बेनिन नावाचा देश आहे तो वेगळा. हे नायजेरियातलंच, एदो लोकांच्या जुन्या राज्याच्या राजधानीचं शहर. तिथल्या इगुन स्ट्रीटला मी मनात इगुन आळीच म्हणते, कारण आपल्या तांबट आळीसारखीच ती एका कामाच्या माणसांची वस्ती. काम बापाकडून मुलाकडे जातं. पूर्वी ही मंडळी राजासाठी, म्हणजे ओबासाठीच काम करायची. फरक एवढाच की आपण ठोकून घडवतो आणि ते ओततात. आळीत शिरताना माझे कान हातोड्याचा ठेका शोधत होते. तो नव्हता, ओल्या मातीचा आणि मेणाचा वास होता.

आधी मातीचा गाभा करतात. त्यावर मेणाचा थर देऊन त्यातच डोळे, ओठ, गळ्यातल्या पोवळ्यांच्या माळा कोरतात. वरून अगदी बारीक मातीचा लेप, मग जाड मातीचे थर. भाजलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या जागी पितळेचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडायचा. म्हणजे प्रत्येक वस्तूचा साचा एकदाच कामी येतो, हुबेहूब तशीच दुसरी होत नाही. पितळ बहुतेक मोडीतलं, जुने नळ वगैरे. जग ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतं, पण त्यातल्या पुष्कळ वस्तू पितळेच्याच आहेत. शेकडो वर्षांपूर्वी पोर्तुगीज व्यापारी कड्यांच्या रूपात पितळ आणायचे, तेही वितळवलं जाई.

एका म्हाताऱ्या कारागिराला मी म्हटलं, माझे वडीलही याच धातूचं काम करतात. फोनवर तुमच्या बंबाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून मठारकामाचे ठोके कितीतरी वेळ पाहिले आणि बोटाने हवेत ठोकून विचारलं, एकेक असा? हो म्हटल्यावर त्यांनी नातवाला हाक मारून फोटो दाखवला. बाबा, तुम्ही तिथे हवे होता.

त्यांच्या भाषेत ‘आठवणे’ या अर्थी जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘धातूत ओतणे’ असा होतो. हे कळल्यापासून मला १८९७ सालची हकिगत वेगळ्याच तऱ्हेने लागते. राजवाड्याच्या खांबांवर पूर्वी पितळेचे शेकडो ओतीव फलक जडवलेले असत. राजे, सरदार, पोर्तुगीज पाहुणे, शिकारी, सगळा दरबार त्यांवर होता. त्या जानेवारीत ब्रिटिशांची एक तुकडी बेनिनच्या वाटेवर मारली गेली, आणि फेब्रुवारीत इंग्रज फौजेने शहर घेऊन राजवाडा लुटला. ओबा ओवोनराम्वेन यांना कॅलाबारला हद्दपार केलं. ते १९१४ साली तिथेच वारले. लुटीतला बराच माल विकून मोहिमेचा खर्च भागवला. नऊशेहून जास्त वस्तू आज एकट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लोक याला कलेची चोरी म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. कुणी आपल्या घरातली वंशावळ, बखरी आणि देव्हारा एकदम उचलून न्यावा, असं ते आहे.

१९१४ मध्येच नवे ओबा एवेका दुसरे गादीवर आले. ते स्वतः कोरीव आणि ओतीव काम जाणत. त्यांच्या आश्रयाने भट्ट्या पुन्हा नीट पेटल्या.

ओबा मार्केटजवळ एमोतानचा पुतळा आहे. ती बाजारात बसणारी साधी बाई. पंधराव्या शतकात परागंदा झालेल्या राजपुत्राला तिने घातपाताची खबर देऊन वाचवलं. तो पुढे ओबा एवुआरे झाला. ती गेल्यावर तिच्या बसण्याच्या जागी त्याने झाड लावलं आणि लोक त्या झाडालाच मान देऊ लागले. पुढे झाड पडलं, तेव्हा १९५४ साली हा पुतळा उभा केला. तो घडवला डॅनफर्ड नावाच्या एका इंग्रजाने! इगुन आळी इतकी जवळ असताना. पुतळा सुंदर आहे, तरी मला ती गोष्ट खटकली. पण लोकांच्या मनात तसं काही दिसलं नाही.

काही वस्तू परत येऊ लागल्या आहेत. केंब्रिजच्या जीझस कॉलेजच्या भोजनगृहात वर्षानुवर्षं ठेवलेला पितळी कोंबडा, ओकुकोर, २०२२ च्या फेब्रुवारीत राजवाड्यात पोहोचला. असे कोंबडे राजमातांच्या स्मरणार्थ मांडलेल्या वेदीवर ठेवत. त्याच वर्षअखेर जर्मनीने विसेक वस्तू इथल्या राजधानीत, अबुजात, आणून दिल्या.

त्या आजोबांकडून मी तुमच्यासाठी वीतभर उंचीचा कोंबडा घेतला आहे. इथले एक मराठी गृहस्थ दिवाळीला पुण्याला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवते. त्याच्या पोटात भाजलेली काळी माती अजून तशीच आहे, ती काढू नका. आणि आईला सांगा, चिंच लावून घासायचा नाही.

तुमची,
नंदा