लंडन पाहायला सहलीची बस कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी लंडनविषयी आलेला लेख वाचला. लेखकाची कळकळ खरी आहे. परंतु वयस्कर माणसांनी तिथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या फंदात पडू नये, पर्यटकांच्या उघड्या टपाच्या बसचे तिकीट काढावे, नाहीतर मुलांना सुट्टी मिळेपर्यंत घरीच थांबावे, हा त्यांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. एस. टी.त एकतीस वर्षे नोकरी करून मी वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे लंडनला मुलीकडे नऊ आठवडे होतो. ती आणि जावई सकाळी आठला घराबाहेर पडत, त्यामुळे शहर पाहायचे तर आमचे आम्हीच पाहायचे होते, आणि ते आम्ही मुख्यतः तिथल्या साध्या लाल बसने पाहिले.

प्रथम लेखातील एका चुकीबद्दल. बसचे तिकीट चालकाकडे रोख पैसे देऊन काढता येते, असे त्यात म्हटले आहे. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. बसमध्ये शिरताना बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचे तिथले प्रवासाचे कार्ड) चालकाशेजारच्या पिवळ्या यंत्राला टेकवायचे, की झाले. उतरताना पुन्हा टेकवायचे नसते. आम्ही गेलो तेव्हा कुठेही उतरा, भाडे १.७५ पौंडच होते, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात हव्या तितक्या बस बदलल्या तरी वेगळे पैसे पडत नव्हते. दिवसभर कितीही फिरलात तरी बसपुरती ५.२५ पौंडांवर वजावट थांबत असे. पर्यटकांच्या बसच्या एका तिकिटात आमच्या दोघांच्या फिरण्याचे दोन-तीन दिवस सहज निघत होते. टप्प्याटप्प्याने भाडे लावण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, पाच मिनिटांच्या आणि तासाभराच्या प्रवासाला सारखेच पैसे, ही गोष्ट पचायला आठवडा लागला, हे मात्र मान्य करतो.

प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, हेही लेखात यायला हवे होते. भुयारी रेल्वेला तर आत जाताना आणि बाहेर येताना तेच कार्ड टेकवावे लागते. मी एकदा आत जाताना कार्ड वापरले आणि बाहेर पडताना ऐटीत मोबाईल टेकवला. खाते एकच असले तरी यंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवासी, दोघांचाही प्रवास अर्धवट, त्यामुळे दोघांनाही जास्तीत जास्त भाडे! चूक सर्वस्वी माझी होती. संध्याकाळी मुलीने ती दाखवली आणि पुढे आठवडाभर जेवणाच्या टेबलावर विषयाला तोटा पडला नाही.

लेखकाने भुयारी रेल्वेचा रंगीत नकाशा खिशात ठेवून त्यावरच शहर पाहायला सांगितले आहे. तो नकाशा उत्तमच आहे. हॅरी बेक यांनी त्याची मांडणी केली आणि १९३३ साली तो लोकांच्या हाती आला. पण त्यात कोणते स्थानक कोणत्या मार्गावर आहे ते कळते, किती लांब आहे ते कळत नाही, कारण अंतरे मुद्दामच सारखी दाखवली आहेत. आम्ही याच भरवशावर लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला भुयारी रेल्वेने गेलो. खाली उतरलो, गाडीची वाट पाहिली, गाडी मिळाली आणि बसतो न बसतो तोच स्थानक आले. वर यायला लिफ्टपुढे ही गर्दी. जिन्याला १९३ पायऱ्या असल्याची पाटी समोरच होती, ती वाचून पत्नीने माझ्याकडे जे पाहिले ते इथे लिहीत नाही. बाहेर आल्यावर समजले की दोन्ही स्थानकांत जेमतेम पाव किलोमीटरचे अंतर आहे, चालत पाच मिनिटेसुद्धा नाहीत.

त्यानंतर आम्ही पदपथावरच्या नकाशांवर विसंबू लागलो. चौकाचौकांत निळसर रंगाचे उभे फलक असतात. त्यांवरचा नकाशा उत्तर वर धरून काढलेला नसतो. तुम्ही फलकाकडे तोंड करून उभे असता तेव्हा जे समोर असते, तेच नकाशात वरच्या बाजूला असते. पाच मिनिटांत चालत कुठवर जाता येईल, त्याचे वर्तुळही काढलेले असते. नकाशा डोके तिरके करून वाचणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून मोठी सोय नाही.

गुडघ्यांचा प्रश्न लेखकाने मांडला, तो योग्यच आहे, पण उत्तर उलटे दिले. भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी साधारण एकतृतीयांश स्थानकांतच पायऱ्यांवाचून फलाटापर्यंत पोहोचता येते. बस मात्र सगळ्या खालच्या तळाच्या, म्हणजे चढायला पायऱ्या नसलेल्या आहेत. त्या थांब्याशी कडेला टेकून उभ्या राहतात आणि पुढचा थांबा कोणता ते आत मोठ्याने सांगितले जाते. थांब्यांच्या खांबांवर वर एकेक अक्षर असते. एकाच चौकात सहा-सात थांबे असले तरी ‘एच’वर या असे मुलीने कळवले की आम्ही बिनचूक ‘एच’खाली उभे. आपल्या मोठ्या बसस्थानकांवर फलाटांना क्रमांक असतात, तसेच हे रस्त्यावर.

शहराची ओळख करून घ्यायला मी तरी २४ क्रमांकाच्या मार्गाची शिफारस करीन. ही बस हॅम्पस्टेड हीथपासून निघून कॅम्डेन, ट्रफाल्गर चौक, पार्लमेंट चौक अशी पिमलिकोपर्यंत जाते. वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर उघड्या टपाच्या बसमधून दिसते ते बरेचसे दिसते, शिवाय पाऊस लागत नाही. वाटेत उतरले की ब्रिटिश म्युझियम थोड्या अंतरावर आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे एकदा पाहून भागत नाही म्हणून आम्ही तीनदा गेलो. फुकट असल्याचा खरा फायदा हाच, की पाय दुखले तर अर्ध्या तासात उठून जाता येते. पैसे वसूल करण्यासाठी सगळी दालने पालथी घालावी लागत नाहीत. नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम इथेही कायमच्या दालनांना प्रवेश विनामूल्य आहे. स्वच्छतागृहांची चिंता करणाऱ्यांनी हीच यादी जवळ ठेवावी. रस्त्यावर ती शोधत बसण्यापेक्षा हे सोपे.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची एक गंमत सांगायला हवी. साताऱ्याहून निघताना सर्वांनी बजावले होते, तिथली वाघनखे पाहिल्याशिवाय येऊ नका. ती शिवछत्रपतींचीच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असोत. आम्ही जूनअखेर लंडनला पोहोचलो आणि जुलैत वाघनखे तिथून साताऱ्याच्या संग्रहालयात आली! आमच्या गल्लीतील सारी मंडळी ती पाहून आली, आणि आम्ही दोघे केन्सिंग्टनच्या त्या म्युझियममध्ये टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पाहत उभे.

आपल्या माणसांच्या खुणा मात्र तिथे जागच्या जागी आहेत. १० किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले. २४ क्रमांकाच्या बसमधून कॅम्डेन भागात उतरून आम्ही तिथपर्यंत चालत गेलो, रमतगमत अर्धा तास लागला. वाटेत फारसे काही ‘पाहण्यासारखे’ नाही. विटांची घरे, कचऱ्याचे डबे, एका खिडकीत झोपलेले मांजर. पण शंभर वर्षांपूर्वी हा विद्यार्थी याच रस्त्यांनी अभ्यासाला जात असेल, हा विचार पर्यटकांच्या बसमधील कानात घालायच्या यंत्रातून कोण सांगणार? पुढे प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर बसून आम्ही घरून नेलेले थालीपीठ खाल्ले, तिथून सगळे शहर दिसते. दुसऱ्या एका दिवशी हाउली प्लेसला गेलो. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी विलायतेत गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये तिथे राहिले होते, त्याची निळी गोल पाटी भिंतीवर आहे. अशा निळ्या पाट्या शहरभर आहेत. पत्नीला त्या लांबूनच ओळखू येऊ लागल्या होत्या.

ग्रीनिचलाही स्वतःच जावे. तिकडे जाणाऱ्या, पूर्व लंडनमधील डॉकलँड्सच्या हलक्या रेल्वेला चालकाची खोलीच नसते, सर्वांत पुढच्या बाकावर बसले की रूळ आपल्या पायाखाली येत राहतात. आयलंड गार्डन्सला उतरून थेम्स नदीच्या तळाखालून पायी पलीकडे जाता येते. हे ३७० मीटर लांबीचे भुयार १९०२ पासून वापरात आहे. पांढऱ्या फरशांच्या त्या बोगद्यात मी चालत असताना समोरून एक आजोबा भाजीची पिशवी घेऊन येत होते. ग्रीनिचच्या वेधशाळेच्या आत तिकीट आहे, परंतु शून्य रेखावृत्ताची रेघ बाहेरच्या वाटेवरही दाखवलेली आहे. दुपारी एकच्या ठोक्याला वेधशाळेच्या छतावरचा लाल गोळा खाली येतो. जहाजांना वेळ कळावी म्हणून ही प्रथा १८३३ मध्ये सुरू झाली. नियंत्रकाच्या टेबलावर बसून गाड्यांची वेळ पाळण्यात आयुष्य घालवलेल्या मला तो पाहताना घड्याळ जुळवून घेण्याचा मोह आवरला नाही.

निदान रोख पैशांबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. आमच्या वसाहतीतील दोन जोडपी याच महिन्यात लंडनला निघाली आहेत आणि दोन्ही घरांत तो लेख कापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलेला मी पाहिला आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सातारा