संशोधनाची टिपणी

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की एम.डी. होऊन इतकी वर्षे संशोधन केल्यावर आता पुन्हा कसले प्रशिक्षण घेते आहेस, आणि मागून आई "साहेबांना पटवायला शिकतेय" असे म्हणाली तेही मला ऐकू आले. आईचे म्हणणे बरेचसे खरे आहे. अभ्यासातून हाती आलेली गोष्ट सार्वजनिक आरोग्याच्या निर्णयापर्यंत कशी न्यायची, हे आम्हाला वैद्यकीय महाविद्यालयात कोणी शिकवले नाही. शोधनिबंध छापून आला की आपले काम संपले, अशीच आमच्याकडे रीत आहे.

माझा विषय तुम्हाला ठाऊक आहे, गरोदर बायका आणि मिश्री. आजी तव्यावर तंबाखू भाजायला बसली की ठसक्याने सगळे घर अंगणात यायचे, आणि ती काळी पूड डबीत भरून झाली की दात स्वच्छ राहतात म्हणून दोन्ही वेळा लावली जायची. २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईतल्या १२१७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्री किंवा तत्सम धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. हा आकडा मी प्रत्येक सभेत सांगत आले, सगळे माना डोलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

त्यामागचे कारण मला या प्रशिक्षणात उमगले. पुरावा कितीही भक्कम असला तरी त्याला आत शिरायला एखादे दार लागते. गुटख्याचेच पाहा. तो घातक आहे हे डॉक्टर कित्येक वर्षे सांगत होते, परंतु महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली ती अन्नसुरक्षेच्या कायद्याच्या आधाराने, कारण अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन असता कामा नये असा नियम त्याच्या आदल्या वर्षी झाला होता. (बंदी असूनही गुटखा कोठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, तो भाग निराळा.) घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र हे दार उपयोगाचे नाही. तिला ना दुकानदार, ना पाकीट. मग इशाऱ्याचे चित्र छापायचे तरी कशावर?

म्हणून मी गडचिरोलीचे उदाहरण पुन्हा वाचून काढले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी आणि उपचार करायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. देशभर 'आशां'च्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, घरभेटींचा कार्यक्रम सुरू झाला तो २०११ मध्ये. मधल्या काळात, २००५ पासून, गावोगावी आशा नेमल्या गेल्या होत्या. म्हणजे ते काम करू शकेल असे माणूस सरकारकडे आले, तेव्हा तो पुरावा कामाला आला. मला वाटते, आमच्यातले बहुतेक संशोधक इथेच चुकतात, कारण काय करावे हे ते सांगतात, पण कोणी, कोणत्या वेळात आणि कोणत्या पैशातून करावे यावर गप्प बसतात.

आता माझी मागणी फार लहान आहे. गरोदर मातेची नोंदणी होताना आशाने मिश्रीची चौकशी करावी आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तो धागा सोडू नये, इतकीच. "तंबाखूचे सेवन करता का?" असे विचारले तर बाई सरळ नाही म्हणते. आईने सुचवले होते तसे "दात कशाने घासता?" असे विचारल्यावर मात्र डबी बाहेर येते. आई, तुझा हा प्रश्न मी मसुद्यात जसाच्या तसा घातला आहे.

बाबा, जिल्हा परिषदेत तुम्ही जन्मभर टिपण्या लिहिल्यात, त्यामुळे पुढचे तुम्हाला नवे नाही. साहेबांच्या टेबलावर चाळीस पानांचा अहवाल टिकत नाही. विषय, अडचण, पुरावा, खर्च आणि मान्यतेसाठी प्रस्ताव एका पानात लागतात, आणि तेही अंदाजपत्रकाची जुळवाजुळव सुरू होण्याआधी, कारण मार्चमध्ये गेलेल्या कागदाला पुढचे वर्ष वाट पाहावी लागते. त्या एका पानात मी हेही लिहिले आहे की अभ्यास मुंबईचा आहे, त्यात स्त्रियांचे केवळ निरीक्षण केले होते, आणि मिश्री सोडवल्यावर आपल्याकडे वजन नेमके तितकेच वाढेल असे त्यावरून म्हणता येत नाही. सोबतच्या एका मैत्रिणीचे मत पडले की ही ओळ काढून टाक, प्रस्ताव कमजोर होतो. मला ते पटत नाही. उद्या कोणी समितीत हीच शंका काढली, तर ती आधीच आपल्या कागदावर असलेली बरी.

मसुदा सोबत पाठवत आहे. भाषेपेक्षा खर्चाचा परिच्छेद नीट पाहावा. आशांच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवावा, हे मला अजून सुटलेले नाही.

आपली,
धाकटी